खिशातला साक्षीदार

दरसाल १ ऑगस्टला, म्हणजे लोकमान्य टिळकांच्या पुण्यतिथीस, महाराष्ट्रातील गावोगावच्या शाळांतून शेंगांची टरफले उचलण्यास नकार देणाऱ्या एका बाणेदार विद्यार्थ्याची गोष्ट सांगितली जाते. आणि ती सांगण्यासाठी व्यासपीठावर ढकलल्या जाणाऱ्या, इस्त्रीच्या सदऱ्यातील व तेल चोपडलेल्या केसांच्या असंख्य बालवक्त्यांत एके काळी प्रस्तुत लेखकाचाही समावेश होता. ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रमैत्रिणींनो’ एवढा मजकूर मी एका श्वासात म्हटला, टिळकांना रत्नागिरीस जन्मास घातले, त्यांना वर्गापर्यंत आणले, शेंगांच्या टरफलांपाशी येऊन ठेपलो, आणि नेमक्या त्याच ठिकाणी माझ्या स्मरणशक्तीने कोणतीही पूर्वसूचना न देता राजीनामा दिला. शेंगा कोणी खाल्ल्या, टरफले कोणी उचलली, याचा निवाडा न होताच मी खाली उतरलो. टाळ्या मात्र भरघोस पडल्या. मास्तरांनी पाठ थोपटली, वडिलांनी घरी आल्यावर ‘छान बोललास’ असा अभिप्राय दिला, आणि आपले कोठे चुकले हे मला कोणीही सांगितले नाही.

त्या टाळ्यांविरुद्ध माझी फिर्याद आहे. कारण पुढे चौतीस वर्षे महसूल खात्याच्या कचेरीत काढताना, साहेबलोकांची भाषणे लिहून देण्याचे काम माझ्याकडे शिरस्त्याने चालत आले असता, अगदी हाच अनुभव मला दुसऱ्या बाजूने येत गेला. भाषण फसले तरी ‘साहेब, आज फार सुरेख झाले’ असे म्हणण्याचा प्रघात, श्रोते कंटाळून पेंगले तरी आभारप्रदर्शनात ‘आपल्या ओघवत्या वाणीने मंत्रमुग्ध केले’ हे वाक्य उच्चारण्याची सक्ती, आणि शाल व श्रीफळ हाती आल्यावर वक्त्याचे होणारे संपूर्ण समाधान, या तीन गोष्टी मिळून आपल्या सभांचे जे वातावरण बनते, त्यात सौजन्याला तोटा नसतो. पण सत्याची आवकजावक मात्र जवळजवळ बंद असते. स्वयंपाक अळणी झाला तर घरचे माणूस तोंडावर सांगते. भाषण अळणी झाले, तर तेच माणूस ते बाहेर पडल्यावर, चपला घालताना, दुसऱ्याला सांगते.

वास्तविक चार माणसांत बोलण्याचे शिक्षण देणाऱ्या संस्थांची आपल्याकडे वाण कधीच नव्हती. पुण्यात १८७५ साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला जी संस्था चालवते, तिचे नावच मुळी ‘वक्तृत्वोत्तेजक सभा’ असे आहे. वक्तृत्वाला उत्तेजन द्यावयाचे, वक्त्याला नव्हे, हा त्या नावातला सूक्ष्म भेद पुढच्या पिढ्यांनी किती पाळला, हा प्रश्न निराळा. त्यानंतर अठरा वर्षांनी, १८९३ च्या सुमारास, गणेशोत्सवाने घराची ओसरी सोडून सार्वजनिक मांडवात प्रवेश केला, आणि त्याबरोबर मेळे, व्याख्याने, पोवाडे व वादविवाद यांच्या रूपाने गल्लोगल्ली दहा-बारा दिवसांची एक फिरती पाठशाळाच उभी राहिली. ज्याला टाऊन हॉलात कोणी उभे केले नसते, अशा कारकुनाला, विणकराला, शाळामास्तराला मांडवातील बत्तीच्या उजेडात आपला कंठ फुटतो की नाही हे पाहण्याची मुभा तेथे मिळाली.

त्याहून जुनी शाळा कीर्तनाची. नारदीय कीर्तनाचे पूर्वरंग व उत्तररंग असे जे दोन भाग असतात, त्यांत आधी एखाद्या तत्त्वाचे निरूपण करावयाचे आणि मग तेच तत्त्व एखाद्या आख्यानाच्या द्वारे श्रोत्यांच्या अंगणात आणून उभे करावयाचे, ही जी व्यवस्था आहे, तीहून अधिक शहाणपणाचा भाषणाचा आराखडा मला अद्याप कोणत्याही ग्रंथात आढळलेला नाही. आणि आता जे म्हणणार आहे त्यावर विद्वान वाचकांनी हसू नये, पण स्त्रियांच्या बाबतीत या शिक्षणाची पहिली इयत्ता म्हणजे उखाणा होय. नव्या नवरीला, साऱ्या सासरच्या डोळ्यांसमोर, दोन ओळींत, यमक साधून, नाव घ्यावयास लावणे, यात संकोच, मुदत, श्रोतृसमुदाय आणि टाळी, अशी जाहीर भाषणाची सर्व अंगे हजर असतात. बचत गटाच्या बैठकीत प्रथमच उभी राहून हिशेब वाचून दाखवणारी एखादी बाई ग्रामसभेत पाण्याच्या टाकीचा प्रश्न सरपंचांपुढे ठणकावून मांडू लागते, तेव्हा तिच्या त्या धिटाईचे मूळ कोणत्या प्रशिक्षण शिबिरात शोधण्याआधी मी हळदीकुंकवाच्या बैठकीत शोधीन.

मात्र या साऱ्या परंपरेत एक जागा रिकामी राहिली: बोलणाऱ्याला, बोलून झाल्यावर, त्याचे दोष शिस्तीने सांगण्याची. ती जागा भरण्याचा एक प्रयत्न अमेरिकेत झाला, आणि त्याची हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. राल्फ स्मेडली नावाचे एक गृहस्थ वाय. एम. सी. ए. या संस्थेत शिक्षणाचे काम पाहत असताना त्यांच्या ध्यानात आले की, वयात आलेल्या मुलांना गणित येते, हिशेब येतो, पण उभे राहून चार वाक्ये बोलण्याचा प्रसंग आला की त्यांची वाचा बसते. त्यांनी प्रथम इलिनॉय प्रांतात १९०५ पासून असे वर्ग चालवून पाहिले. आणि पुढे कॅलिफोर्नियातील सांता आना या गावी २२ ऑक्टोबर १९२४ रोजी जो क्लब स्थापन केला, त्यापासून आज ‘टोस्टमास्टर्स’ या नावाने ओळखली जाणारी, पुण्या-मुंबईतही शाखा असलेली संस्था वाढीस लागली. तेथे गुरू कोणी नसतो. सभासदच पाळीपाळीने बोलतात आणि पाळीपाळीने परीक्षक होतात. एकाने वक्त्याची वेळ मोजावयाची, एकाने भाषेतील गुणदोष टिपावयाचे, एकाने ‘अं’, ‘म्हणजे’, ‘तर’ यांसारखे निरर्थक हुंकार किती आले ते मोजावयाचे, आणि एकाने शेवटी उभे राहून, आधी चांगले काय झाले ते व मग काय सुधारता येईल ते, सर्वांसमक्ष सांगावयाचे, अशी ही कामाची वाटणी आहे. पाच ते सात मिनिटांच्या भाषणास पाचव्या मिनिटाला हिरवा दिवा लागतो, सहाव्याला पिवळा, सातव्याला तांबडा.

आपल्याकडे त्या तांबड्या दिव्याचे काम चिठ्ठी करते. घडी घातलेला कागदाचा तो तुकडा, कार्यकर्त्याच्या हातून सूत्रसंचालकाकडे, तेथून टेबलावरील पाण्याच्या तांब्याखाली आणि तेथून वक्त्याच्या नजरेपर्यंत जातो; वक्ता तो वाचतो, ‘वेळेअभावी फार बोलत नाही’ असे जाहीर करतो, आणि पुढे वीस मिनिटे बोलतो. चिठ्ठीचा हुकूम कोणी बजावून घेत नाही. त्या मानाने २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी, रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत खुल्या जागेतील ध्वनिक्षेपकाला सामान्यतः बंदी घालून, मराठी श्रोतृवर्गावर जे उपकार केले आहेत, त्यांची दखल वाङ्मयाच्या इतिहासकारांनी घ्यावयास हवी.

निवृत्तीनंतर आमच्या भागातील ज्येष्ठ नागरिक संघाने मला आभारप्रदर्शनाच्या कामगिरीवर नेमले, तेव्हा मी असा कोणताही क्लब गाठला नाही. मी एक यंत्र विकत घेतले. येथे एक कबुलीजबाब देऊन टाकतो: लहान, खिशात मावणाऱ्या, कळ दाबताच काहीतरी करून दाखवणाऱ्या वस्तूंचे मला लहानपणापासून विलक्षण आकर्षण आहे. वडिलांचे चावीचे घड्याळ, मामांचा चामड्याच्या वेष्टनातील ट्रान्झिस्टर, सहा पात्यांचा चाकू, पेनाच्या टोकाला बसवलेला इवलासा दिवा, या वस्तूंनी मला जेवढा निर्भेळ आनंद दिला, तेवढा बढतीच्या हुकुमांनीही दिला नाही. घरात या प्रवृत्तीला ‘खेळणी’ असा शब्द आहे, आणि तो मी अपमान मानीत नाही. म्हणून अंगठ्याएवढा तो ध्वनिमुद्रक घरी आणला, तेव्हा त्यामागे आत्मसुधारणेचा हेतू किती आणि निव्वळ हौस किती, याची रुजुवात मी आजवर केलेली नाही.

गंमत अशी की, असल्या यंत्राचा हा उपयोग त्याच्या आद्य जनकाच्याही डोळ्यांसमोर होता. टॉमस एडिसनने १८७७ साली ध्वनिलेखन करणारे फोनोग्राफ यंत्र सिद्ध केले आणि पुढल्याच वर्षी एका नियतकालिकात त्याच्या संभाव्य उपयोगांची यादी दिली. तीत पत्रलेखन आणि अंधांसाठी बोलके ग्रंथ यांच्या पाठोपाठ तिसरे स्थान वक्तृत्वशिक्षणाला होते, आणि संगीत चौथ्या क्रमांकावर. जगाने तो क्रम उलटा केला. गाणी घरोघर पोहोचली, वक्तृत्व मागे राहिले. पुढे १९६३ साली फिलिप्स कंपनीने छोटी कॅसेट आणली आणि ध्वनिमुद्रण सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. त्याच्या आदल्या वर्षी, १९६२ साली, अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट या दोघांनी इलेक्ट्रेट जातीचा स्वस्त व चिमुकला मायक्रोफोन तयार केला, आणि सदऱ्याच्या गळपट्टीला लावावयाच्या मायक्रोफोनाची वाट खुली झाली. आता तर प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये तांदळाच्या दाण्याएवढा मायक्रोफोन व तासन्‌तास ध्वनिमुद्रण करण्याची सोय आयती असते. ज्यासाठी मी वेगळे यंत्र विकत घेतले, ते वाचकांच्या खिशात आधीच आहे, हे मला विकत घेतल्यानंतर कळले.

पहिल्याच दिवशी स्वतःचा आवाज ऐकून मी हबकलो. हा पातळ, अनुनासिक, किंचित किरकिरा गृहस्थ कोण, असा प्रश्न मला पडला; आणि पत्नीने, ‘तुम्हीच की, रोज असेच बोलता’ असे शांतपणे सांगितल्याने त्या धक्क्याला साक्षीपुराव्याचे बळ आले. यात यंत्राचा दोष नाही. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज आपल्या कानी दोन वाटांनी पोहोचतो: एक हवेतून, आणि दुसरी कवटीच्या हाडांतून, या दुसऱ्या वाटेने खर्जाकडील कंपने विशेष ठळकपणे येत असल्यामुळे आपल्याला आपला आवाज भरदार भासतो. यंत्राला फक्त हवेतली वाट ठाऊक असते, आणि श्रोत्यांनाही तीच. अर्थात आजवर जो आवाज मी माझा समजत होतो, तो माझ्याखेरीज जगात कोणीच ऐकलेला नव्हता! चार-पाच वेळा ऐकल्यावर हा विचित्रपणा मावळतो, आणि मग खरे काम सुरू करता येते. पहिल्या दिवशीच निराश होऊन ध्वनिमुद्रण पुसून टाकणारे पुष्कळ आहेत. त्यांनी आठवडाभर दम धरावा.

मी काय केले ते सांगतो. सहा मिनिटे चाळीस सेकंदांचे माझे आभारप्रदर्शन मी कागद-पेन्सिल घेऊन ऐकले आणि पंचनाम्याच्या शिस्तीने नोंदी केल्या. ‘म्हणजे’ हा शब्द एकेचाळीस वेळा. ‘त्या निमित्ताने’ अकरा वेळा, निमित्त कोणते ते एकदाही नाही. वाक्याच्या शेवटी आवाज इतका खाली जाई की क्रियापद श्रोत्यांपर्यंत पोहोचतच नसे. आणि मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येत असल्याने, ‘देणगी दिली’ की ‘देणगी नाकारली’, हा महत्त्वाचा तपशील पहिल्या रांगेपुढे कोणास कळला नसावा. इंग्रजी बोलणाऱ्याचा शेवटचा शब्द बुडाला तर कदाचित एखादे क्रियाविशेषण बुडते. आपला शेवटचा शब्द बुडाला तर वाक्यच बुडते. ही गोष्ट मला कोणत्याही सभेने सांगितली नव्हती. आणखी एक उमगले. जेथे मला वाटे की मी फार वेळ थांबलो, लोक काय म्हणतील, तेथे यंत्रावर जेमतेम दीड सेकंदाची शांतता होती. बोलणाऱ्याचा क्षण आणि ऐकणाऱ्याचा क्षण यांचे माप वेगळे असते, आणि विराम घेण्याचे धैर्य पहिल्याने मला त्या आकड्याने दिले.

वेळेच्या बाबतीत मनगटावर थरथरणारे घड्याळ ही तर सोन्याची वस्तू आहे. दहा मिनिटांचे भाषण असेल, तर आठव्या मिनिटाला ते हलकेच थरथरेल अशी तजवीज करून ठेवावी. श्रोत्यांना काही दिसत नाही, आणि चिठ्ठीची नामुष्की टळते. गळपट्टीवरच्या मायक्रोफोनाविषयी मात्र काही अनुभवाचे बोल सांगणे अवश्य आहे. तो हनुवटीपासून सुमारे एक वीत खाली लावावा. मंगळसूत्र, जरीचा पदर, गळ्यातला बिल्ला, यांपैकी काहीही त्यावर घासले की मांडवात वाळू ओतल्यासारखा आवाज होतो. हातातला मायक्रोफोन तोंडापासून चार बोटांवर धरावा, आणि त्याची जाळी मुठीत धरू नये, कारण तो समोरचा आवाज घेण्यासाठी घडवलेला असतो व जाळी झाकली की तो चोहीकडून आवाज घेऊ लागतो. भोंग्याच्या समोर जाऊन उभे राहिले की जी कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजते, तीत भुताटकी काही नाही: भोंग्यातून निघालेला आवाज मायक्रोफोनात शिरतो, मोठा होऊन पुन्हा भोंग्यातून निघतो, पुन्हा शिरतो, आणि असे फेरे सेकंदात शेकडो वेळा चालतात. अशा वेळी ‘हॅलो, हॅलो’ म्हणत आणखी पुढे जाणाऱ्या वक्त्याने उलट दोन पावले भोंग्यामागे सरकावे.

आणि हौशी माणसाला एक सावधगिरीचा इशारा. आमच्या संघाच्या कोजागरीला मी मोबाइललाच मायक्रोफोन करून, बिनतारी ब्लूटूथ स्पीकरवर आवाज सोडण्याचा प्रयोग मोठ्या उत्साहाने केला, आणि दुसऱ्याच वाक्याला माझी जीभ अडखळू लागली. मद्याचा त्यात काही संबंध नव्हता. आटीव दूध होते. असल्या बिनतारी व्यवस्थेत आवाज पोहोचण्यास सेकंदाचा दशांश, प्रसंगी पंचमांशही विलंब लागतो. आणि स्वतःचा आवाज सुमारे पंचमांश सेकंद उशिराने कानी पडला की धडधाकट माणूसही तोतरा होऊ लागतो, हे १९५० च्या सुमारासच प्रयोगांनी सिद्ध झालेले आहे. ज्याने आयुष्यभर टरफलांपाशीच अडखळावे, त्याने आता यंत्राच्या कृपेने प्रत्येक शब्दापाशी अडखळावे, हा न्याय मला काही रुचला नाही. तारेचा मायक्रोफोन दिसायला जुनाट असेल, पण त्याला उशीर ठाऊक नाही.

मोबाइलच्या पडद्यावर भाषण लिहून आणून ते वाचण्याची जी टूम अलीकडे निघाली आहे, तिच्याविषयी माझे मत प्रतिकूल आहे. कागदावरून वाचणारा निदान पान उलटताना वर पाहतो. पडद्यावरून वाचणाऱ्याचा अंगठा सरकत राहतो, मान वर होत नाही, आणि खालून उजेड पडल्याने चेहरा समईपुढे बसलेल्या भुतासारखा दिसतो. चार मुद्दे, चार ओळी, पोस्टकार्डाच्या आकाराच्या तुकड्यावर. याहून अधिक आधार ज्याला लागतो, त्याचे भाषण अजून तयार नाही.

यंत्राला जे येत नाही, तेही सांगितले पाहिजे. गाडगेबाबा कीर्तनाला उभे राहत, तेव्हा उपदेश करण्याऐवजी समोरच्या खेडुतांना साधे साधे प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घेत. त्यांच्या कीर्तनाचे जे ध्वनिमुद्रण आज ऐकावयास मिळते, त्यात बाबांचा आवाज जितका आहे तितकाच जमावाच्या प्रतिसादाचा आहे, आणि तो प्रतिसाद वजा केला तर बाबांची अर्धी वाक्ये लंगडी पडतील. ती विद्या आरशासमोर किंवा मुद्रकासमोर साध्य होण्यासारखी नाही. दुसऱ्या रांगेतील आजोबांची मान केव्हा डुलते, मागच्या बाजूला पोरे केव्हा चुळबुळू लागतात, विनोद पोहोचला की नाही, आणि पोहोचला नसेल तर तो पुन्हा न सांगता पुढे जाण्याचा शहाणपणा, हे सर्व जमावाकडूनच शिकावयाचे असते. यंत्र साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. आणि त्याला हसताही येत नाही. म्हणून ज्याला शिकावयाचे असेल त्याने आधी सभा धरावी: सोसायटीची वार्षिक सभा, वाचनालयाचा वर्धापनदिन, भिशी, शाळेचे माजी विद्यार्थी संमेलन, काहीही. व्याख्यानमालेची वाट पाहू नये. ‘पाहुण्यांचा परिचय कोण करून देईल?’ असा प्रश्न निघतो आणि सारे एकदम खाली पाहू लागतात, तो क्षण साधून हात वर करावा. दोन मिनिटांचे काम, तयारी ठरलेली, आणि श्रोत्यांचे लक्ष पाहुण्यांकडे असल्याने चूक झाली तरी ती कोणाच्या ध्यानात राहत नाही. घरी येऊन मात्र ती ऐकावी.

आमच्या संघात आता आम्ही सात-आठजणांनी एक खासगी करार केला आहे. सभा संपल्यावर चहाच्या वेळी, ज्याने भाषण केले त्याला बाकीच्यांनी एकच दोष सांगावयाचा, आणि त्याने ‘आभारी आहे’ एवढेच उत्तर द्यावयाचे. खुलासा, कैफियत वा अपील चालणार नाही. सुरुवातीस दोघे रुसले. एक परत आले.

गेल्या महिन्यातील माझे आभारप्रदर्शन परवा रात्री ऐकले. चार मिनिटे वीस सेकंद. ‘म्हणजे’ नऊ वेळा आले, त्यांपैकी दोन ठिकाणी ते आवश्यक होते. क्रियापदे शेवटपर्यंत ऐकू आली. फक्त पाहुण्यांचे नाव घ्यावयाचे राहिले.